जागा न सोडण्याचं व्रत

जास्पर (इंडियाना), ऑक्टोबर

आपल्याकडे हदगावात सोयाबीनच्या गंज्या लागल्या असतील, किंवा परतीच्या पावसानं घात तरी केला असेल. दक्षिण इंडियानातही हंगाम तोच. मका आणि सोयाबीन, बाकी नजरेत भरेल असं पीक नाही. शेंगा वाळून वाजू लागल्यात, आणि मोठ्यातल्या मोठ्या शेतात माणूस एकच, तोही हार्वेस्टरच्या काचेआड. भाव बुशेलवर बोलतात. सोयाबीनचा बुशेल म्हणजे 27 किलोंच्या किंचित वर.

या शेतांमधून दक्षिणेला अर्धा तास गाडी हाकली की टेकडीवर दोन मनोऱ्यांचं दगडी चर्च दिसतं. सेंट माइनराड, बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आणि धर्मगुरू घडवणारी सेमिनरी. तिथं पोहोचेपर्यंत घड्याळ तासभर मागे गेलेलं असतं. जास्पर आणि वाटेवरचं फर्डिनांड पूर्वेच्या वेळेवर चालतात, मठाची स्पेन्सर काउंटी 'सेंट्रल' वेळेवर. फर्डिनांडला याच पंथाच्या भगिनींचा 1867 पासूनचा मठ आहे. म्हणजे शेजारशेजारची दोन घरं, नियमावली एक आणि घड्याळं दोन. इथली माणसं वेळ ठरवताना 'फास्ट टाइम की स्लो टाइम' एवढं विचारतात आणि कामाला लागतात.

मठाचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्नचं. एकोणिसाव्या शतकात या भागात जर्मन कॅथलिक शेतकरी येऊन वसले. त्यांना त्यांच्या भाषेत बोलणारे धर्मगुरू हवे होते. तिकडे 1841 मध्ये आरगाऊ प्रांताच्या सरकारनं मठ बंद पाडले होते, तेव्हा आइनझीडेल्नलाही समुद्रापलीकडे एखादा आसरा असावा असं वाटत होतं. दोन्ही गरजा जुळल्या आणि 1854 मध्ये इथं मठ उभा राहिला. ज्याचं नाव मठाला दिलं तो माइनराड एकांतवासी साधू. 861 मध्ये दोन चोरांनी त्याला मारलं, तेव्हा दोन डोमकावळ्यांनी त्या चोरांचा झ्यूरिकपर्यंत पिच्छा पुरवला, अशी कथा आहे. त्या कावळ्यांचं चिन्ह आजही वापरात आहे. पितृपंधरवडा नुकताच उरकलेल्या हदगावकराला कावळ्याचं हे काम पटायला जड जाऊ नये.

मला इथलं सगळ्यात नवल वाटतं ते एका व्रताचं. साधू आज्ञापालनाची शपथ घेतो, आणि याच मठात मरेपर्यंत राहण्याचीही. आपल्याकडे चक्रधरस्वामींनी अनुयायांना उलटं सांगितलं: एका जागी रुजू नका, अटन करा. माहूरच्या वाटेवर महानुभाव साधू पाहत वाढलेल्या माणसाला बैरागी म्हणजे चालता माणूस. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टला मात्र मठामठांतून हिंडणाऱ्या साधूंचा राग होता. त्याच्या नियमावलीत 73 प्रकरणं आहेत. त्यांत झोप, जेवण, पाहुणे, अवजारं, सगळ्याची व्यवस्था लावलेली. गादी गुरू नेमत नाही, मठाधिपती साधूच निवडतात. महत्त्वाच्या निर्णयाआधी सगळ्यांना बोलवावं, अगदी धाकट्यालाही, असा दंडक आहे. (आपल्या ग्रामसभेलाही तो लावून बघायला हरकत नाही.)

हे व्रत अमेरिकेत जास्त उठून दिसतं. इथं नोकरी बदलली की घर विकून माणूस दुसऱ्या राज्यात जातो. आईबाप एका टोकाला, मुलं दुसऱ्या. या साधूला मात्र आपण कुठं पुरले जाणार हे ऐन तारुण्यातच ठाऊक असतं. मठाचा लाकडी शवपेट्या विकण्याचा व्यवसायही आहे. ऐकून अंगावर काटा येतो, पण अमेरिकेतल्या अंत्यविधींचा खर्च पाहिला की साध्या लाकडी पेटीला गिऱ्हाईक का मिळतं ते कळतं. कॅथलिकांचा नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणाचाच; 2 तारखेला सर्व मृतांचा दिवस.

सध्या मात्र लगबग आहे ती ऑक्टोबरातल्या रविवारच्या यात्रेची. जवळच माँते कासिनो नावाच्या टेकडीवर 1870 चं मरियेचं छोटं देऊळ आहे. 1871 च्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांत देवी पसरल्या, तेव्हा नऊ दिवसांची प्रार्थना झाली आणि साथ ओसरली, अशी इथली श्रद्धा. त्या देवळापाशी लोक जपमाळ म्हणत मिरवणुकीनं चालतात. वारीच्या मानानं अंतर अगदीच किरकोळ. चप्पल झिजत नाही.

सेमिनरीतल्या मुलांना ते स्थैर्याचं व्रत नसतं. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीतून बाहेर पडणाऱ्यांसारखेच तेही आपापल्या धर्मप्रांतात जातील, आणि बिशप पाठवेल त्या चर्चमध्ये बदलीवर राहतील. धर्मगुरूंच्या टंचाईमुळे अनेक अमेरिकी चर्चमध्ये आता भारतातून आलेले फादर आहेत. युरोपातून धर्मगुरू मागवणाऱ्या या मुलखाला आता केरळ-आंध्राकडे बघावं लागतं. इथल्या सेमिनरीचं पदवी महाविद्यालयही 1998 मध्ये बंद झालं. उरलं ते पुढचं धर्मशास्त्राचं शिक्षण.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. मुलं घरी जातील, साधू जागेवरच. त्याआधी, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, बहुतेक अमेरिकेसारखी इथली घड्याळंही तासभर मागे होतील. जास्परचं आणि आपलं अंतर साडेनऊवरून साडेदहा तासांवर जाईल. हदगावहून फोन करणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.