दोन माणसांचा अर्ज

वॉशिंग्टनमधल्या जागतिक बँकेला जाब विचारायला किती माणसं लागतात? दोन. नुकसान झालेल्या किंवा होऊ घातलेल्या कोणत्याही दोन गावकऱ्यांनी अर्ज करावा. वकील नको, इंग्रजीही नको. हे प्रथम कळलं तेव्हा नवल वाटलं. त्याचं मूळ आपल्या सातपुड्यात आहे हे कळल्यावर तर मी थक्कच झालो.

विकासकर्जाच्या करारावर सह्या दोघांच्या असतात, सरकारच्या आणि बँकेच्या. त्या पैशानं ज्याचं शेत बुडणार, त्याचं नाव कागदावर कुठेच नसतं. १९८५ साली बँकेनं नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरण प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले, तेव्हा सातपुड्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठावरले भिल्ल, पावरा आणि तडवी असेच कागदाबाहेर होते. आणि नियम नव्हते असं थोडंच होतं! विस्थापितांच्या पुनर्वसनाचे नियम बँकेनं १९८० मध्ये केले होते, आदिवासींविषयीचे १९८२ मध्ये. पण बँकेनं स्वतःचेच नियम मोडले, तर दाद मागायची कुठे?

नर्मदा खोऱ्यातल्या लोकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, गाव सोडायला नकार दिला. अखेर १९९१ मध्ये बँकेनं पूर्वी कधी केलं नव्हतं ते केलं. चालू प्रकल्पाची चौकशी बाहेरच्या माणसांवर सोपवली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स आणि कॅनडातले माजी न्यायाधीश थॉमस बर्जर खोऱ्यातल्या गावांमध्ये हिंडले, लोकांचं ऐकून घेतलं. जून १९९२ च्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की सध्याच्या परिस्थितीत या सगळ्यांचं पुनर्वसन होणं शक्य नाही, बँकेनं मागे सरावं. बँकेनं भारत सरकारला पुनर्वसन सुधारण्यासाठी मुदती घातल्या. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नाकारलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेनं तीन सदस्यांचं तपासणी मंडळ स्थापन केलं. दोन माणसांचा तो अर्ज याच मंडळाकडे जातो. 'नियम पाळले का?' एवढंच ते विचारू शकतं, भरपाईचा हुकूम देऊ शकत नाही. मला ही उणीव फार खुपते. तरीही पहिलाच अर्ज बघा. १९९४ मध्ये नेपाळच्या अरुण खोऱ्यातून तो आला, तिथल्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध. पुढच्या ऑगस्टमध्ये बँकेनं त्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. ज्यांना देणाऱ्याचं तोंडही कधी दिसत नाही, त्यांच्या प्रश्नाला आता लेखी उत्तर द्यावं लागत होतं.

महाराष्ट्रातलं धरणाला सर्वांत जवळचं गाव मणिबेली. १९९३ च्या पावसाळ्यात तिथल्या घरांत पाणी शिरलं. धरणाचं काम आता देशाच्याच पैशानं चाललं होतं. मंडळ स्थापन झालं ते पावसाळा सरता सरता. मणिबेलीवाल्यांना तिथे अर्ज करता येणार नव्हता. कारण त्यांच्या धरणाचं कर्ज मार्चमध्येच थांबलं होतं.