न निघालेली ध्वनिमुद्रिका

जी ध्वनिमुद्रिका बाजारात आलीच नाही, तिचे चाहते असू शकतात का? अमेरिकेतल्या ‘बीच बॉईज’ या रॉक गटाच्या ‘स्माईल’चे होते. ब्रायन विल्सन यांनी १९६६-६७ मध्ये लॉस एंजेलिसला तिचं ध्वनिमुद्रण केलं. पण गाणी सलग नव्हती, छोटे छोटे तुकडे होते. ते पुढे कापून जोडायचे होते. वेष्टनं छापून झाली आणि काम १९६७ मध्ये थांबलं.

नंतर हे तुकडे चोरवाटेनं बाहेर फुटले. चाहते ते कॅसेटवर आपापल्या क्रमानं जोडू लागले. कशामागून काय यावरून वादही झडले. गोधडी शिवण्यासारखंच हे, फक्त नक्षी दुसऱ्याच्या डोक्यात राहिलेली!

विल्सन यांनी २००४ मध्ये लंडनला ‘स्माईल’ पूर्ण सादर केली, नव्यानं मुद्रितही केली. क्रम अखेर कळला. पण गटातले त्यांचे भाऊ, डेनिस आणि कार्ल, तोवर हयात नव्हते. त्यांचे तरुण आवाज जुन्या तुकड्यांतच होते. मग चाहत्यांनी नव्या क्रमात तेच तुकडे बसवून पाहिले. अधिकृत संच निघाला २०११ मध्ये. त्यानंही २००४ चाच क्रम आधाराला घेतला.