झाडाखालचं जिरेनियम

इंग्लंडमधल्या बागेत मोठ्या झाडाखालची जागा फार अवघड. ऊन पोचत नाही, पाऊस वरच्या पानांत अडतो आणि उरलीसुरली ओल झाडाची मुळं शोषून घेतात. तिथे ‘जिरेनियम मॅक्रोऱ्हायझम’ नुसतं जगत नाही, पसरतं. जमिनीलगत आडवी वाढणारी त्याची जाड खोडं कोरड्या दिवसांत कामी येतात. सुगंधी पानं इतकी दाट असतात की तणाला उजेडच मिळत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मात्र त्याला पाणी द्यायलाच हवं.

आपल्या नर्सरीत ‘जिरेनियम’ म्हणून मिळतं ते बहुधा पेलार्गोनियम; मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, कडक थंडीत मरणारं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी १७८९ मध्येच ते वेगळं काढलं होतं.

खरं जिरेनियम हिमालयातही आहे. ‘रोझॅन’ या निळ्या संकराचे दोन्ही पूर्वज तिकडचेच, आणि २०१३ मध्ये चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीला तोच ‘शतकाचं रोप’ ठरला! पण त्याला अर्धं ऊन लागतं. गडद सावलीत काळपट जांभळ्या फुलांचं ‘जिरेनियम फेअम’च लावावं. बहर सरला की ते बुडापासून छाटावं. ताजी पानं फुटतात, कधी फुलंही पुन्हा येतात.