कुलूप नेमके कोणासाठी?

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एखाद्या मुलाने कन्सोलच्या गेमची डिस्क घेतली, तर खेळून झाल्यावर ती तो मित्राला देऊ शकतो, विकूही शकतो. नक्कल रोखणारे कुलूप तिथेही आहेच; पण ते यंत्राच्या पोटात असते आणि मूळ डिस्क ओळखून मुकाट उघडते. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या कन्सोलला दर २४ तासांनी इंटरनेटशी जोडण्याची अट जाहीर केली, तेव्हा ग्राहक खवळले आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. पीसीवाल्यांना मात्र असा जाच वारंवार सोसावा लागला. २००८ चा ‘स्पोअर’ हा गेम सुरुवातीला फक्त ३ संगणकांवर चालू करता येई. चोरट्या प्रतीला ही अट नव्हतीच. अडला तो पैसे मोजणारा.

कुलूप काढले तर कंपन्या बुडतील, हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे गुन्हा ठरवले आहे. तरीही २०१५ चा ‘द विचर ३’ पीसीवर कुलुपाविना आला आणि भरपूर खपला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाला कुलूप आहे, पण गिऱ्हाईक टिकले ते सवलती, आपोआप येणारे अपडेट आणि नव्या संगणकावर गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय यांमुळे. कुलूप असो, प्रामाणिक ग्राहकाला ते जाणवता कामा नये.