सायकलपटूची सुटी : विश्रांती हाही सरावच

मंठ्याहून लोणारकडे किंवा वाटूर फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना हल्ली शर्यतीची सायकल चालवणारी एक-दोन मुले दिसतात. ही आनंदाची गोष्ट आहे. नाशिकच्या ओम महाजन या सतरा वर्षांच्या मुलाने नोव्हेंबर २०२० मध्ये श्रीनगर ते कन्याकुमारी हे सुमारे ३,६०० किलोमीटरचे अंतर ८ दिवस ७ तास ३८ मिनिटांत पार केले. कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे हिने खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेत सायकलिंगमध्ये सुवर्णपदके मिळवली. अशा बातम्या वाचून आपल्या भागातील मुलांना हुरूप येतो. मात्र बातमीत किती किलोमीटर चालवली ते येते, किती झोपला आणि किती जेवला ते येत नाही. आजचा लेख त्या न छापल्या जाणाऱ्या भागाविषयी आहे.

अलीकडेच जवळच्या एका खेड्यातील शेतकरी आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला दाखवायला घेऊन आले होते. त्यांची तक्रार अशी : "साहेब, पोरगं रोज साठ-सत्तर किलोमीटर सायकल चालवायलंय. एक दिवस खाडा नाही. पण दोन महिन्यांपासून उलट मागंच पडायलंय." मुलाने यावर स्वतःच उपाय शोधला होता. वेळ कमी येत नाही म्हणून त्याने अंतर वाढवले होते आणि अंग हलके राहावे म्हणून रात्रीची भाकरी बंद केली होती. वजन चार किलोने उतरले होते. झोप नीट लागत नव्हती. सर्दी-खोकला पाठ सोडत नव्हता. सकाळी उठल्याबरोबर नाडी पूर्वी मिनिटाला ५४ असायची, ती आता ६८ भरत होती. हिमोग्लोबिन १०.९ निघाले.

त्याला मोठा आजार काही नव्हता. सराव भरपूर होता, पण त्या सरावाचे फळ शरीरात उतरण्यासाठी लागणारा वेळ आणि अन्न दोन्ही मिळत नव्हते. पंधरा दिवस सायकल पूर्ण बंद, पोटभर जेवण, लोहाच्या गोळ्या आणि त्यानंतर बेताने सुरुवात, एवढ्यावर तीन महिन्यांत त्याची गाडी रुळावर आली. असे का होते हे समजले तर अनेक मुलांचे नुकसान टळेल.

शरीर बनते कधी?

सायकल चालवताना शरीर बनते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सायकल चालवताना शरीर झिजते आणि ते बनते विश्रांतीत. जोराच्या सरावात मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंतील तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर संपत येते. हा साठा मोठ्या माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि जोराने सायकल चालवल्यास दीड-दोन तासांत तळ गाठतो. तो पुन्हा भरण्यासाठी पोटभर जेवण आणि सुमारे एक दिवस लागतो. स्नायूंची डागडुजी व्हायला त्याहूनही अधिक, कधी दोन दिवस लागतात.

ही डागडुजी करताना शरीर हुशारीने वागते. पूर्वी होते त्याहून थोडे बळकट काम करून ठेवते. रक्ताचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, म्हणून चांगल्या सायकलपटूची विश्रांतीतील नाडी मिनिटाला ४०-५० पर्यंत खाली येते. परंतु काम पूर्ण होण्याआधीच दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडतोड केली तर भिंत उभी राहणार कशी? तीच ती जमीन दरवर्षी खत न घालता पिकवली तर उतारा घटतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शरीराचेही तसेच आहे.

ओमचे वडील डॉ. हितेंद्र महाजन आणि काका डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. दोघांच्या संघात एक जण रस्त्यावर असतो तेव्हा दुसऱ्याला झोपायला व खायला मिळते. जगातील अत्यंत खडतर शर्यतीतसुद्धा विश्रांतीची पाळी ठरलेली असते. मग रोजच्या सरावात ती का नसावी?

आठवड्याचा हिशोब

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने आठवड्यातून एक दिवस सायकलला हात लावू नये. जोराच्या सरावाचे दिवस दोन, फार तर तीन ठेवावेत आणि ते लागोपाठ नसावेत. बाकीच्या दिवशी सोबतच्या माणसाशी दम न लागता बोलता येईल एवढ्याच वेगाने चालवावी. हा सोपा सराव फुकट जात नाही. हृदयाची आणि स्नायूंची दमदारी मुख्यतः त्यातूनच वाढते. आठवड्याचे एकूण अंतर एकदम वाढवू नये, दहा टक्क्यांच्या आसपासची वाढ पुरे. तीन आठवडे वाढवल्यावर चौथ्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणावे.

पलंगाशेजारी एक वही ठेवावी. सकाळी उठल्यावर पडल्या पडल्या मिनिटभर नाडी मोजून लिहावी. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त आणि तेही सलग दोन-तीन दिवस आढळले तर त्या दिवशी शाळेला जावे, पण सरावाला जाऊ नये. चिडचिड, भूक मंदावणे, झोपमोड, वारंवार सर्दी आणि मेहनत करूनही वेळ बिघडणे ही अतिसरावाची लक्षणे आहेत. यांवर औषधाची बाटली नाही, विश्रांती हेच औषध आहे.

चुलीपाशी सुरू होणारा सराव

ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेगाने सायकल चालवणारा साठ किलो वजनाचा मुलगा तासाला सुमारे ५०० ते ६०० कॅलरी खर्च करतो. तीन तासांचा खर्च जवळपास अर्धा किलो ज्वारीच्या पिठातून मिळणाऱ्या उष्मांकाएवढा होतो. हा खर्च रोजच्या गरजेच्या वर आहे आणि वाढत्या वयाच्या मुलाची रोजची गरजच मुळात मोठी असते. तेव्हा "पोरगं लई खायलंय" असे म्हणून आईने ताट आवरते घेऊ नये.

महागड्या डब्यांची गरज नाही. भाकरी, वरण, उसळ, भात, शेंगदाणे, दूध, अंडी एवढ्यात सर्व काही मिळते. साठ किलोच्या मुलाला रोज साधारण ७० ते १०० ग्रॅम प्रथिने हवीत. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६, दोन अंड्यांतून १२ आणि मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांतून १० ते १२ ग्रॅम मिळतात, उरलेली डाळ, उसळ आणि भाकरीतून. दीड तासाहून लांबच्या फेरीत खिशात केळी किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू असावा. परत आल्यावर तासाभरात जेवावे, चहावर भागवू नये.

आपल्याकडे रक्तक्षय फार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के मुलांत तो आढळला. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. मग सायकल कितीही भारी असो. सराव सुरू करण्याआधी आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे. जेवणासोबत लिंबू घ्यावे, चहा मात्र जेवणाच्या आधी-नंतर तासभर टाळावा. शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या व जंताच्या गोळ्या फेकून देऊ नयेत.

मुलींबाबत एक गोष्ट आईने जरूर लक्षात ठेवावी. सराव वाढल्यावर सलग तीन महिने पाळी आली नाही तर "खेळामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नये. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती खूण असते. त्यात हाडांतील चुना कमी होतो आणि पुढे किरकोळ आघातानेही हाड मोडू शकते. अशा वेळी लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवावे.

सुटीचा काळ कसा घालवावा?

कसलेल्या खेळाडूंच्या वर्षात शर्यती नसलेला एक काळ मुद्दाम राखलेला असतो. आपल्याकडे तो निसर्गानेच ठरवून दिला आहे. चैत्र-वैशाखात मराठवाड्यात पारा ४२ अंशांवर जातो. त्याआधी परीक्षा असतात. तेव्हा एप्रिल-मे हा सुटीचा काळ धरावा. त्यातले पहिले दोन ते चार आठवडे शर्यतीची सायकल टांगून ठेवावी. "एवढ्यात सगळं गेलं तर?" अशी भीती मुलांना वाटते. दम थोडा कमी होतो हे खरे, पण तो काही आठवड्यांत परत येतो. थकलेले गुडघे आणि विटलेले मन मात्र सुटीशिवाय ताजे होत नाही. एक-दोन किलो वजन वाढले तरी काळजी करू नये.

सुटी म्हणजे दिवसभर मोबाईल घेऊन पडणे नव्हे. सायकलवर शरीराचे वजन सीट पेलते, पायांची हाडे नव्हेत. त्यामुळे केवळ सायकल चालवणाऱ्यांची, विशेषतः कमरेच्या मणक्यांची हाडे तुलनेने कमी घट्ट राहतात. हाडांचा भरणा वयाच्या विशी-पंचविशीपर्यंतच होतो. म्हणून या काळात कबड्डी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, धावणे असे जमिनीवर पाय आपटणारे खेळ खेळावेत. बैठका, जोर, सूर्यनमस्कार यांनी पाठ-पोट बळकट होते. विहिरीत पोहायला हरकत नाही, मात्र एकट्याने कधीही नाही. मित्रांत मिसळावे, लग्नकार्याला जावे, घरच्या कामाला हात लावावा. रात्री आठ ते दहा तास झोप या वयात चैन नाही, गरज आहे. वाढीचे संप्रेरक गाढ झोपेतच अधिक पाझरते.

याच काळात सायकलही दुरुस्त करून घ्यावी. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवल्यास पाय सरळ व्हावा, इतपत सीटची उंची असावी. म्हणजे चवड्याने मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते, मागच्या बाजूने दुखत असेल तर बहुधा उंच.

ऊन, रस्ता आणि पुडी

उन्हाळ्यात पुन्हा सुरुवात करायची झाल्यास आठच्या आत घरी परतावे. फेरीत घोट घोट पाणी घ्यावे. घाम फार येत असेल तर नुसतेच पाणी ढोसू नये, त्याने रक्तातील मीठ कमी होऊन भोवळ येऊ शकते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती पेय उत्तम. चमचा चहाचा घ्यावा. हिवाळ्यात पहाटे ऊसाच्या ट्रॉल्या विनादिव्याच्या उभ्या असतात, म्हणून पुढे-मागे दिवा आणि डोक्यावर हेल्मेट हवेच. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव हा हेल्मेट नसताना पडून दगावला. त्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने शर्यतीत हेल्मेट सक्तीचे केले.

ताकदीच्या नावाने कोणी पुडी, गोळी किंवा इंजेक्शन देऊ केले तर सरळ नाही म्हणावे. १३ जुलै १९६७ रोजी ब्रिटनचा नामांकित सायकलपटू टॉम सिम्पसन फ्रान्समधील व्हांतू पर्वताच्या चढावर कोसळून मरण पावला. कडक ऊन, अंगातील पाणी कमी झालेले आणि पोटात उत्तेजक अॅम्फेटामिन, असा तो योग होता. उत्तेजक द्रव्य थकवा घालवत नाही, थकव्याची सूचना तेवढी बंद करते.

चालवताना छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, छातीत विलक्षण धडधड होणे किंवा लघवी काळपट-तांबूस होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असल्यास शर्यतीत उतरण्याआधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

पालकांना शेवटी एवढेच सांगणे आहे. मुलाने आज किती किलोमीटर मारले हे विचारता तसेच आज किती झोपलास, पोटभर जेवलास का, हेही विचारा. एखाद्या सकाळी तो उशिरापर्यंत झोपला तर त्याला आळशी म्हणू नका. शर्यतीचा दिवस वर्षात दोन-चार वेळाच येतो, शरीर मात्र त्याला आयुष्यभर वापरायचे आहे.