वाफेला कायदा, पुडीला अधिसूचना

एखाद्या वस्तूवर बंदी आहे एवढे म्हटल्याने कायद्याच्या दृष्टीने फारसे काही कळत नाही; ती बंदी संसदेच्या कायद्याने आली आहे, राज्य विधिमंडळाच्या दुरुस्तीने आली आहे की एखाद्या आयुक्ताच्या वर्षभर टिकणाऱ्या आदेशाने, यावर तिचे आयुष्य, तिची शिक्षा आणि ती अमलात आणणारा अधिकारी ठरत असतो. जळगाव आणि धुळे या खान्देशातील जिल्ह्यांत निकोटिन देणाऱ्या व्यवहारांपैकी ई-सिगारेट, हुक्का पार्लर आणि गुटखा या तिन्हींवर आज बंदी आहे, पण तिन्ही बंद्यांचे मूळ वेगवेगळे आहे, आणि यांतली सर्वांत कमकुवत बंदी नेमकी सर्वाधिक खपणाऱ्या वस्तूवर आहे.

ई-सिगारेट, म्हणजेच तरुणांच्या बोलण्यातले ‘व्हेप’, हे बॅटरीवर चालणारे उपकरण असून त्यातली तापणारी तार एका द्रवाची वाफ करते आणि ती वाफ ओढली जाते. प्रॉपिलिन ग्लायकोल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटिन हे त्या द्रवाचे घटक असतात. तंबाखू जळत नसल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळते, म्हणून सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना ती उपयोगी पडेल, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा असतो; परंतु व्यसन लावणारे द्रव्य निकोटिन हेच आहे आणि ज्याने सिगारेटला कधी हातही लावला नव्हता अशा मुलाच्या बाबतीत या दाव्याला काही अर्थ उरत नाही. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वयोगटातील शाळकरी मुलांपैकी २.८ टक्के मुलांनी ई-सिगारेट कधी ना कधी ओढल्याचे आढळले होते.

ही वस्तू बाजारात आली तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता, आणि २००३ चा सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने कायदा, ज्याला सर्वत्र ‘कोटपा’ म्हणतात, तो तंबाखूविषयी असल्याने तंबाखूचे पानच नसलेल्या द्रवाला तो नीट लागू पडत नव्हता. त्यामुळे राज्यांनी हाती असलेली साधने वापरली. पंजाबने २०१३ मध्ये निकोटिनला परवाना नसलेले औषध मानून औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचा आधार घेतला, कर्नाटकाने २०१६ मध्ये बंदी आणली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना विक्री थांबवण्याचा सल्ला दिला. सल्ला हा कायदा नव्हे, हे लवकरच दिसून आले. मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही उत्पादने ‘औषध’ या व्याख्येत बसत नाहीत असे प्रथमदर्शनी मत नोंदवून केंद्राच्या परिपत्रकाला स्थगिती दिली, आणि राज्याराज्यांनी उभारलेल्या बंदीचा पाया त्यामुळे डळमळीत झाला.

यावर उपाय म्हणून १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याची जागा संसदेच्या कायद्याने घेतली. ई-सिगारेटचा उद्योग केंद्राच्या नियंत्रणाखाली घेणे सार्वजनिक हिताचे आहे, अशी घोषणा या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात आहे. राज्यघटनेच्या संघसूचीतील ५२ व्या नोंदीनुसार अशा घोषणेमुळे तो विषय संसदेच्या कक्षेत येतो आणि राज्यागणिक वेगळ्या नियमांचा प्रश्न उरत नाही. अमेरिकेतील चित्र याच्या उलट आहे, कारण तेथे खरेदीसाठी २१ वर्षे ही वयोमर्यादा देशभर लागू असली तरी स्वाद घातलेल्या द्रवावर बंदी घालावी की नाही हे मॅसॅच्युसेट्ससारखी राज्ये स्वतः ठरवतात. भारतात निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या साऱ्यांवर एकच सरसकट बंदी आहे. विक्रीसारख्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, त्याच गुन्ह्याची पुनरावृत्ती झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, तर साठवणुकीस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली अशी दोन्ही उपकरणे येतात, ई-हुक्काही येतो, त्यामुळे ‘यात फक्त फळांचा स्वाद आहे’ हा विक्रेत्याचा बचाव टिकत नाही. ‘सेवन’ हा शब्द मात्र बंदीच्या कलमात नाही, आणि म्हणून ओढणारा गुन्हेगार ठरतो का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कोणत्याही स्वरूपात आणि कितीही अल्प प्रमाणात ई-सिगारेट जवळ बाळगणे हे कायद्याचे उल्लंघन आहे, अशी भूमिका केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केली.

या कायद्यातील सर्वांत व्यवहार्य तरतूद अधिकाऱ्याविषयीची आहे. पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे लोकांच्या भाषेत फौजदार, आणि त्याहून वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊन माल जप्त करू शकतो. अमळनेर, शिरपूर किंवा चाळीसगाव येथील पोलीस ठाण्याला त्यासाठी दुसऱ्या खात्याच्या माणसाची वाट पाहावी लागत नाही.

हुक्का पार्लरची बंदी राज्याची स्वतःची आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल परिसरात, हुक्क्याच्या निखाऱ्यांतून लागल्याचे सांगितल्या गेलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१८ मध्ये ‘कोटपा’त राज्यापुरती दुरुस्ती करून तिला राष्ट्रपतींची संमती मिळवली. या दुरुस्तीनुसार हुक्का पार्लर चालवणाऱ्यास किमान एक आणि कमाल तीन वर्षे कैद आहे. आगीतून निघालेला कायदा असला तरी तो विधिमंडळात मंजूर झालेला, मुदत नसलेला कायदा आहे, आणि येथे महत्त्व त्याच गोष्टीला आहे.

गुटख्याची कथा याहून जुनी आणि अधिक वळणांची आहे. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखाबंदी जाहीर केली होती. तिचा आधार अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा हा होता. २ ऑगस्ट २००४ रोजी गोडावत पानमसाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण न्यायालयाच्या मते आरोग्य प्राधिकाऱ्याचा हा अधिकार तात्पुरत्या, स्थानिक संकटापुरता होता आणि धोरण म्हणून कायमची बंदी घालणे हे कायदेमंडळाचे काम होते. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, अन्नपदार्थात तंबाखू व निकोटिन वापरता येणार नाही असा नियम २०११ मध्ये झाला, आणि मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद केल्यानंतर महाराष्ट्रानेही त्याच वर्षी जुलैत तसा आदेश काढला. पानमसाल्यात मॅग्नेशियम कार्बोनेट आढळत असल्याच्या कारणाने महाराष्ट्राने त्यालाही बंदीत घेतले, आणि पुढच्या काळात सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी व मावाही त्यात आला. हे सारे ज्या कलमावर उभे आहे ते कलम ३०, पोटकलम २ असे आहे, आणि ते अन्न सुरक्षा आयुक्ताला जास्तीत जास्त एका वर्षाची बंदी घालण्याचा अधिकार देते.

खान्देशात या मुद्द्याला भूगोलाची जोड मिळते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात; आग्र्याचा रस्ता शिरपूर तालुक्यातील पळासनेरनंतर मध्य प्रदेशात सेंधव्याकडे जातो, तर जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि मुक्ताईनगर हे तालुके बुऱ्हाणपूर जिल्ह्याला लागून आहेत. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा तर फलाटच महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात विभागलेला आहे. तंबाखू मिसळलेला गुटखा शेजारच्या दोन्ही राज्यांत बंद असला, तरी तंबाखू नसलेल्या पानमसाल्यावर मध्य प्रदेशात महाराष्ट्रासारखी बंदी नाही, आणि मसाल्याची एक पुडी व तंबाखूची दुसरी पुडी अशी जोडी विकत घेऊन ग्राहकाने हातावर एकत्र केली की गुटखाच तयार होतो. जी पेटी सेंधव्यात कायदेशीर माल असते, ती पळासनेरचा नाका ओलांडताच मुद्देमाल होते. व्हेपच्या बाबतीत ही फट नाही, कारण सीमेच्या दोन्ही बाजूंना कायदा एकच आहे.

जप्तीनंतरचा पेच याहून अवघड आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली नमुना घेणे, तो विश्लेषकाकडे पाठवणे आणि खटला भरणे हे काम अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याचे असते, परंतु महामार्गावर ट्रक अडवणारे बहुधा पोलीस असतात, आणि ते भारतीय दंडविधानाची कलमे लावत आले. जळगाव व धुळे ज्या खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१६ मध्ये असे गुन्हे रद्द केले. २० सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि दोन कायद्यांखाली कारवाई करण्यास आडकाठी नाही असे सांगितले. पण २१ फेब्रुवारी २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील खाद्यतेलाच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने असुरक्षित अन्नाविषयीचे अन्न सुरक्षा कायद्याचे कलम दंडविधानातील भेसळीच्या कलमांवर मात करते असा निर्वाळा दिला, त्यामुळे कोणते कलम लावावे हा प्रश्न ठाणेदारासमोर पुन्हा उभा राहिला. एक वर्षाची मुदत संपली की तोच आदेश पुन्हा काढण्याच्या पद्धतीवरही आक्षेप आहेत. तमिळनाडूतील असे आदेश मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये याच कारणाने रद्द केले होते. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली म्हणून ते टिकले.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू, म्हणजे खाण्याची, चघळण्याची किंवा मिश्रीसारखी दातांना लावण्याची तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण ही चघळली जाणारी तंबाखू आहे, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ प्रस्थापित आहे. असे असताना वाफेवर संसदेचा कायदा, हुक्क्याच्या नळीवर विधिमंडळाची दुरुस्ती आणि पुडीवर आयुक्ताची अधिसूचना, ही उतरंड योग्य म्हणता येत नाही. कायमची बंदी कोणी घालावी हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते, आणि राष्ट्रपतींच्या संमतीचा मार्ग विधिमंडळाने २०१८ मध्ये हुक्क्यासाठी वापरूनही दाखवला आहे. गुटखा आणि पानमसाला यांच्यासाठी तोच मार्ग धरला, शिक्षा कायद्यातच लिहिली आणि कारवाईचा अधिकार ई-सिगारेटप्रमाणे फौजदाराला दिला, तर शिरपूर आणि रावेरच्या ठाण्यांना कलमांच्या वादात अडकावे लागणार नाही. तोवर पळासनेरच्या नाक्यावर पकडलेल्या प्रत्येक पेटीमागचा आधार हा एका वर्षाच्या मुदतीचा कागदच आहे, आणि तो दर वर्षी जुलैत नव्याने काढावा लागतो.