शेवटच्या ट्रॉलीची हवा

दसरा उलटला की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ऊसतोड टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत पत्रे, भांडीकुंडी, बाजरीची पोती, आणि वर बसलेली बायामाणसं, लेकरं. निघण्याआधी उचलीचा हिशेब दोनदा होतो. मागच्या ट्रॉलीच्या टायरात हवा किती, हे मात्र क्वचितच कुणी मोजतं.

टायरमध्ये भार पेलते ती मुख्यतः हवा. एका चाकावर दोन टन भार आणि आत 80 पीएसआय हवा असेल, तर जमिनीला टेकलेला भाग साधारण 350 चौरस सेंटीमीटर भरतो. हवा 50 वर आली की तोच भार पेलायला 570 चौरस सेंटीमीटर लागतात. म्हणजे टायर बसतो, प्रत्येक फेऱ्याला त्याच्या बाजू जास्त दुमडतात, आतले धागे तापतात. भर रस्त्यात टायर फुटतो तो बहुतेकदा असा.

पण फुटण्याआधीच ट्रॉली डुलायला लागते. खड्डा चुकवताना ट्रॉलीला आडवा हिसका बसतो, तेव्हा रबर रस्त्याला धरून राहतं आणि चाक बाजूला सरकू पाहतं. या पिळातूनच ट्रॉलीला सरळ आणणारा जोर मिळतो. हवा कमी असली की टायरच्या बाजू लुळ्या पडतात. जोर उशिरा मिळतो आणि तोवर ट्रॉली आणखी बाजूला गेलेली असते. मग ती उलट्या बाजूला झेपावते. वेग वाढेल तसे हे झोके लवकर विरत नाहीत, आणि एका मर्यादेपलीकडे वाढतच जातात.

दोन ट्रॉल्या असल्या की धोका मागे सरकत मोठा होतो. आसुडाची मूठ जराशी हलली तरी टोक सपकन फिरतं, तसं स्टेअरिंगच्या हलक्या झटक्याने शेवटची ट्रॉली सगळ्यात जास्त फेकली जाते. त्यात उसाचा भार उंच. एका बाजूचा टायर बसला की ट्रॉली आधीच तिकडे कललेली असते. डुलणं सुरू झालं तर स्टेअरिंग सरळ धरून रेस सोडावी. करकचून ब्रेक मारला की मागचं वजन पुढच्यावर चाल करून येतं.

ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरांचं गणित वेगळं आहे. त्यांना ट्रॉलीच्या टायरांपेक्षा खूपच कमी हवा लागते, आणि शेतात चालते तेवढी हवा ओढकामाला अपुरी पडते. अनेक जण त्यांत पाणी भरतात. वजन वाढून पकड सुधारते, पण आत हवेला जागा थोडीच उरते, त्यामुळे बारीक गळतीनेही दाब झटकन उतरतो. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो, तोच धरावा. गरजेपेक्षा जास्त हवाही वाईटच. टायर मधोमध झिजतो, उसळतो, पकड सुटते.

टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखायची सवय जुनी आहे. साफ बसलेला टायर तिने कळतो. 80 आणि 60 मधला फरक कळत नाही. त्याला गेजच हवा, आणि तोही टायर थंड असताना. 80 पीएसआयचा टायर 20 अंशांनी तापला की गेज सहाएक पीएसआय जास्त दाखवतो. गरम टायरची हवा सोडून आकडा जुळवला, तर पहाटेच्या थंडीत ती कमी पडते.

कारखान्याच्या आवारात ट्रॉल्या काट्यासाठी तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. तेवढ्यात चाकं थंड झालेली असतात. तिथेच कॉम्प्रेसर आणि खात्रीचा गेज ठेवला, तर काट्यावर चढण्याआधी शेवटच्या ट्रॉलीपासून सुरुवात करून प्रत्येक चाक तपासता येईल.